बागेच्या गेटला कुलूप कोणी लावलं?

आमच्या इमारतीच्या मागे एक बाग आहे. बाग म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं तसलं काही नाही. दोन बदामाची झाडं, एक गुलमोहर, सिमेंटचे चार बाक, शिडी मोडलेली घसरगुंडी आणि कडेने चालायला पेव्हर ब्लॉकची वाट. मानखुर्दमध्ये एवढंही पुष्कळ आहे. एका बाजूला हायवे, दुसरीकडे घाटकोपर लिंक रोडची वाहतूक, आणि वारा फिरला की देवनारच्या डंपिंगचा वास. अशा ठिकाणी संध्याकाळी बसायला सावलीचा बाक मिळणं ही चैन आहे.

गेल्या वर्षी बकरी ईदनंतरच्या आठवड्यात या बागेच्या एका गेटला कुलूप लागलं. ते लावायचं ज्या बैठकीत ठरलं, त्या बैठकीत मी होतो. आणि मी गप्प बसलो होतो.

आधी जागा समजून घ्या, म्हणजे भांडण समजेल. आमची योजना झोपडपट्टी पुनर्वसनाची. मुंबईत अशा शेकडो आहेत. जुन्या वस्तीच्या जागी बिल्डर दोन प्रकारच्या इमारती बांधतो. एक झोपडीधारकांना फुकट घर देण्यासाठी, तिला सगळे ‘रिहॅब’ म्हणतात. दुसरी बाजारभावाने विकण्यासाठी, ती ‘सेल’. दोन्हींची सोसायटी वेगळी, लिफ्ट वेगळी, वॉचमन वेगळा. बाग मधोमध. सेलवाल्यांना लॉबीतूनच बागेत उतरता येतं, रिहॅबवाल्यांना लोखंडी गेटमधून यावं लागतं. कुलूप त्या गेटला लागलं.

मी सेलमध्ये राहतो. पण माझं बालपण त्या जुन्या वस्तीत गेलं, आणि अब्बांना मिळालेली २६९ चौरस फुटांची खोली रिहॅबमध्येच होती. मी इंजिनिअर झालो, नोकरी लागली, वीस वर्षांचं कर्ज काढून समोरच्या इमारतीत फ्लॅट घेतला. अम्मी माझ्याबरोबर आली. खाला रिहॅबमध्येच राहिली. दोघी बहिणी रोज रात्री जेवणं झाली की बागेत चालायच्या. अम्मीला शुगर आहे, डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. कुलूप लागल्यावर पहिले चार-पाच दिवस दोघी गेटच्या अलीकडे-पलीकडे प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बोलत बसल्या. मग खालाने येणं बंद केलं. म्हणाली, “लोक बघतात, जेलमधल्या मुलाखतीसारखं वाटतं.”

सेलवाल्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. ईदच्या आधी तीन दिवस रिहॅबमधल्या काही पोरांनी बागेत बकरे बांधले. कोणाला लेखी विचारलं नाही. एका काकांना तोंडी सांगितलं होतं म्हणे, आणि ते काका गावाला गेले. लेंड्या, चारा, वास, रात्रभर बें-बें. ईद झाल्यावर झाडून काढायला कोणी आलं नाही. आमच्या सफाईवाल्या मावशींनी एकटीने काढलं. त्याआधी क्रिकेटच्या बॉलने एका गाडीची काच फुटली होती, तिचे पैसे अजून यायचेत. रात्री अकरानंतर बाहेरची पोरं बसतात, सिगारेटी ओढतात, हेही खरं.

जून २०२३ मध्ये दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या सोसायटीतल्या कुर्बानीचा वाद थेट मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. परवाना नसेल तर सोसायटीच्या आवारात जनावर कापू देऊ नका, असं न्यायालयाने महापालिकेला बजावलं. आमच्याकडे कोणी कापलं नव्हतं, सगळे देवनारलाच घेऊन गेले होते. पण सामायिक जागेत तीन दिवस जनावरं बांधायची तर आधी दोन्ही सोसायट्यांची लेखी परवानगी घ्यायची, ताडपत्री घालायची, साफसफाईच्या माणसाचे पैसे आधी भरून ठेवायचे, एवढं आपल्या पोरांना जमायला हवं होतं. “आपला सण आहे” हे काही परवानगीचं कागदपत्र नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं, ती. कुलूप लावायचं ठरवणाऱ्या बैठकीला कमिटीचे सात जण होते. त्यातले चार मुसलमान. कुलुपाची सूचना ज्यांनी मांडली तेही आपलेच, पाच वेळचे नमाजी, आदबशीर माणूस. त्यांचे शब्द होते, “हमने इतना पैसा देके फ्लॅट लिया है, वो लोगों को फुकट में मिला है.” म्हणजे ज्यांनी हा प्रसंग बाहेर हिंदू-मुसलमान म्हणून सांगितला (आणि दोन्ही बाजूंनी सांगितला गेला), त्यांना बैठकीत काय झालं ते माहीतच नव्हतं. तिथे धर्माचा शब्दही निघाला नाही. तिथे बोललं गेलं ते चौरस फुटांबद्दल, ईएमआयबद्दल आणि ‘तसल्या’ लोकांबद्दल.

आपल्यातल्या कितीजणांनी मुंबईत भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्यावर फोन कट झालेला अनुभवलाय? मी पुण्यात आणि इथे मिळून पाच वेळा. त्यावर मी संतापून बोललोय, लिहिलंय. आणि ‘ते लोक घाण करतात, त्यांना आत घेतलं की भाव पडतात’ हे वाक्य स्वतःच्या कमिटीत ऐकताना मी मोबाइलकडे बघत बसलो. वाक्य तेच होतं, फक्त या वेळी मी गेटच्या आत होतो.

घरी आल्यावर मी जे केलं ते माझ्या धंद्याला शोभणारं होतं. एक गूगल शीट बनवलं. बागेचे तासांचे रकाने, दोन्ही इमारतींचे रंग, ज्याला यायचंय त्याने नाव टाकायचं. रात्री दीड वाजेपर्यंत बसून त्याला फॉर्म जोडला, क्यूआर कोड काढला. दोन्ही ग्रुपवर टाकला. आठवडाभरात अकरा नोंदी आल्या, त्यातल्या चार माझ्या आणि एक ‘शाहरुख खान’ या नावाने. खालाने विचारलं, “बाळा, बागेत जायला आता ऑफिसमध्ये रजा टाकतात तसं टाकायचं का?” आमच्या क्षेत्रात सगळं आधी बंद ठेवायचं आणि ज्याला लागेल तेवढंच उघडायचं अशी शिस्त असते. सर्व्हरसाठी ती बरोबर आहे. बागेचं उलटं असतं, ती आधी सगळ्यांना उघडी असते आणि बंद करायची तर कारण द्यावं लागतं. हे मला शीट फसल्यावर कळलं.

त्याच दिवसांत ग्रुपवर कोणीतरी शेजाऱ्याच्या हक्कावरचं एक सुंदर पोस्टर टाकलं, हिरव्या पार्श्वभूमीवर, खाली फुलं. त्याला चाळीसेक ‘माशाअल्लाह’ आले. कुलूप जागेवरच.

मग मी कागदांकडे वळलो, आणि खरं सांगायचं तर तिथून पुढे गोष्ट सोपी झाली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे माहिती अधिकारात अर्ज केला: आमच्या योजनेच्या मंजूर आराखड्याची प्रत द्या. कायद्याने तीस दिवसांची मुदत असते. आराखडा हातात आला तेव्हा त्यात बागेच्या जागी दोनच अक्षरं होती, ‘आर.जी.’ रिक्रिएशन ग्राउंड. जागा एकच, दोन्ही इमारतींच्या मिळून हिशेबात धरलेली.

या दोन अक्षरांमागे काय आहे ते प्रत्येक फ्लॅटवाल्याला माहीत हवं. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या भूखंडावर बांधायचं तर ठरावीक हिस्सा मनोरंजनासाठी मोकळा सोडणं बंधनकारक होतं. १००० चौरस मीटरच्या पुढे १५ टक्के, मग २०, आणि भूखंड १०,००० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर २५ टक्के. ही जागा कायम आकाशाला उघडी राहिली पाहिजे आणि बाग किंवा मैदान म्हणून सर्व मालकांना आणि राहणाऱ्यांना तिथे जाता आलं पाहिजे, असं त्या नियमात आहे. फक्त मालक नव्हे, राहणारेसुद्धा. म्हणजे भाडेकरूही आले. ज्यांच्या ज्यांच्या जमिनीच्या हिशेबातून ती जागा सुटली, त्या सगळ्यांची मालकी तिच्यावर. डिसेंबर २०१३ मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही किमान जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर झाडांच्या कुंड्या ठेवून भागणार नाही.

आणि झोपडपट्टी पुनर्वसनात? तिथे योजना परवडावी म्हणून सूट आहे. किमान ८ टक्के सोडले की चालतं. सेलमध्ये बसून ‘फुकट मिळालंय’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा. रिहॅबवाल्यांनी घराची किंमत पैशात दिली नसेल, पण मोकळी जागा, उजेड आणि दोन इमारतींमधलं अंतर यात ती पुरेपूर मोजली आहे. आपल्याच भागात, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईसोबत पाहणी केली होती. खेटून बांधलेल्या इमारती, खालच्या मजल्यांवर न पोहोचणारं ऊन आणि क्षयरोग यांचा संबंध त्यात पुढे आला. खाला दुसऱ्या मजल्यावर राहते. दुपारी बारालाही तिच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइट लावावी लागते. ज्याच्या घरात ऊन येत नाही, त्याच्यासाठी बागेतला बाक शोभेचा नसतो.

सामायिक जागा विकत घेता येत नाही, हे न्यायालयाने आपल्याच मुंबईत सांगितलंय. दहिसरच्या पांचाली सोसायटीत बिल्डरचं म्हणणं होतं की स्टिल्टमधलं पार्किंग मी वेगळं विकू शकतो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. फ्लॅट विकताना सामायिक जागा त्याच्याबरोबर येते, तिच्यावर बिल्डरला वेगळी दुकानदारी करता येत नाही. तो वाद बिल्डर आणि सोसायटीचा होता. पण बिल्डरला जे जमत नाही ते कमिटीला कसं जमेल? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही स्पष्ट आहे: सर्वांच्या वापराची जागा कोणा सदस्याला स्वतःसाठी अडवता येत नाही.

भाडेकरूंबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण आपल्यातले बरेचजण भाड्याने राहतात. आमच्या इमारतीत मध्यंतरी एक पोटनियम सुचवला गेला की भाडेकरूंच्या मुलांनी बाग वापरायची तर वेगळे पैसे द्यावेत. फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते, आणि राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्यावर आणखी बागेचा कर कुठून आणणार? सूचना मागे पडली. ती हाणून पाडली एका गुजराती आजोबांनी, जे स्वतः चाळीस वर्षं भाड्याने राहिले होते. आमच्या चौघांपैकी कोणी नाही.

आराखडा घेऊन मी कमिटीकडे गेलो तेव्हा मला वाटलं होतं, झालं, आता कुलूप निघेल. निघालं नाही. “कागद आहे ना, मग कोर्टात जा,” असं उत्तर आलं. जाता येतंच. सोसायटीच्या कारभाराचे वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात, त्याआधी उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, मंजूर आराखड्याचा भंग असेल तर आराखडा मंजूर करणाऱ्या प्राधिकरणाकडे. पण तारखा पडत राहतात, आणि अम्मीची शुगर तारखांसाठी थांबत नाही.

त्या दिवसांत मला महाड आठवत होतं. आमची आजी महाडच्या बाजूची, चवदार तळ्याजवळून मी लहानपणी अनेकदा गेलोय. तुलना आकाराने फार मोठी आहे, मला कल्पना आहे. हजारो वर्षांच्या अपमानाची बरोबरी लोखंडी गेटशी होत नाही. पण त्यातली एक गोष्ट मला कामाची वाटते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला होता. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागद तयार होता. तरी त्या तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि डॉ. आंबेडकरांसोबत हजारो माणसांना पायऱ्या उतरून जावं लागलं. त्यानंतर डिसेंबरमध्ये परिषदेसाठी महाडमध्ये जागा मिळेना, तेव्हा ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला थेट १९३७ मध्ये. आपण फत्तेखानांचं नाव अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवं. त्यांनी दिली ती जागा होती, भाषण नव्हे.

म्हणून आम्ही पायरी उतरलो. म्हणजे काय, तर एका रविवारी सकाळी अम्मी, मी, आणि सेलमधल्या सहा-सात बायका रिहॅबच्या बाजूला गेलो आणि तिथल्या बायकांना घेऊन आमच्या लॉबीतून बागेत आलो. थर्मासमधून चहा नेला होता. वॉचमनने वर फोन केला, सेक्रेटरी काका खाली आले, खालाला बघून थबकले. मानखुर्दला नवीन आले तेव्हा त्यांच्या मुलाला शिकवणीला खालाकडेच पाठवायचे. “बसा, बसा,” म्हणाले आणि स्वतःही बसले. त्या दिवशी कुलूप निघालं नाही, पण दोन्ही सोसायट्यांनी एकत्र बसायचं ठरलं.

ती बैठक तीन तास चालली आणि अजिबात सुंदर नव्हती. काचेचे पैसे निघाले, लेंड्या निघाल्या, कोणाच्या लग्नात कोणाला बोलावलं नाही तेही निघालं. माळ्याचा पगार आणि पाण्याचं बिल आत्तापर्यंत सेलवालेच भरत होते, ही त्यांची सगळ्यात रास्त तक्रार. रिहॅबच्या कमिटीला ते माहीतच नव्हतं. त्यांना वाटायचं बिल्डर भरतो. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी बिल्डरकडून देखभालीची ठेव घेतली जाते, जुन्या योजनांत घरामागे २०,००० रुपये, आणि तिच्या व्याजात लिफ्टचंही भागत नाही. तरी त्यांनी घरटी महिना वीस रुपये कबूल केले. रक्कम किरकोळ आहे. पण वीस रुपये देणारा माणूस दुसऱ्या दिवशी नळ गळतोय म्हणून तक्रार करायला येतो, आणि तिथेच तो पाहुणा राहत नाही.

ठरलं ते असं: गेट सकाळी सहा ते रात्री दहा उघडं. क्रिकेट टेनिस बॉलने, संध्याकाळी सातपर्यंत, फक्त मागच्या भागात. ईद असो, गणपती असो, लग्नाचा मांडव असो, दोन्ही सोसायट्यांना पंधरा दिवस आधी लेखी अर्ज आणि सफाईची अनामत. गेल्या महिन्यात पहिला अर्ज आला तो साखरपुड्याचा, रिहॅबमधल्या एका मराठे कुटुंबाचा.

एका गोष्टीवर मात्र अडलं, आणि ती मला सगळ्यात जास्त बोचते. खालाने सुचवलं की पाच ते साडेसहा मागचा भाग मुलींना खेळायला द्या, कारण पोरांचं क्रिकेट सुरू झालं की त्या कडेला उभ्या राहून बघतात. यावर विरोध झाला तो दोन्ही इमारतींमधल्या आपल्याच पुरुषांकडून, आणि पहिल्यांदाच रिहॅब-सेल यांचं एकमत झालं. “आपल्या मुलींना कशाला पाहिजे उघड्यावर?” नियमात ‘सर्व मालकांना आणि राहणाऱ्यांना’ लिहिलंय, मी म्हटलं, त्यात मुली राहणाऱ्यांत धरायच्या की नाही? कोणी हसलं नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला.

तुमच्यापैकी किती जण सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जातात? ३० सप्टेंबरच्या आत ती घ्यावी लागते, नोटीस लिफ्टजवळ लागते, आणि तिथे बहुतेक निवृत्त काका बसलेले असतात. मी सात वर्षांत दोनदा गेलो होतो. आपल्या पिढीला संविधानावर बोलता येतं, कलमं पाठ असतात, पण सभेच्या इतिवृत्तात आपलं म्हणणं नोंदवून घेण्याचा कंटाळा येतो. कुलुपाचा निर्णय इतिवृत्तात ‘एकमताने मंजूर’ म्हणून नोंदला गेलाय. त्या एकमतात मी आहे. ते पान मी फोटो काढून ठेवलंय.

यंदाची सभा येत्या रविवारी सकाळी अकराला, बागेतच आहे. विषयपत्रिकेत चौथ्या क्रमांकावर मुलींच्या खेळाची वेळ आहे, पाचव्यावर बंद पडलेला दिवा. बोलायला खालाने माझं नाव दिलं होतं. मी ते खोडून तिच्या नातीचं टाकलंय, ती बारावीला आहे आणि तिला बॅडमिंटन खेळायचंय. खाला सदस्य नाही, रिहॅबची खोली खालूजानच्या नावावर आहे, त्यामुळे तिला मत नाही. पण ती सकाळपासून येऊन पुढच्या बाकावर बसणार आहे म्हणाली.